आंबेडकर हरले तो ‘उत्तर मुंबई’ मतदारसंघ नेमका होता कुठे?

दर एप्रिलला आणि दर डिसेंबरला एक फॉरवर्ड फिरतोच. बाबासाहेबांना १९५२ ला उत्तर मुंबईतून पाडलं, अमुकने पाडलं, तमुकने पाडलं. आणि त्याखाली कोणीतरी हौशी माणूस बोरिवली-कांदिवली-मालाडचा रंगीत नकाशा चिकटवतो. यंदा तर एकाने तिथल्या आजच्या मतदारांच्या जातीधर्माचं गणित मांडून सत्तर वर्षांपूर्वीचा निकाल समजावून सांगितला होता, मी हसून हसून बेजार. अहो, १९५२ ला बोरिवली मुंबई महापालिकेतच नव्हती! महापालिकेची हद्द १९५० ला जोगेश्वरी-भांडुपपर्यंत पोचली आणि दहिसर-मुलुंडपर्यंत जायला १९५७ उजाडलं. आणि लोकसभेसाठी उपनगराची सीट वेगळीच होती, तिथून जयश्री रायजी निवडून आल्या होत्या.

बाबासाहेब ज्या मतदारसंघातून उभे होते त्याचं कागदोपत्री नाव ‘बॉम्बे सिटी नॉर्थ’. सिटी म्हणजे जुनं बेट, कुलाबा ते माहीम-शीव. त्या बेटाचा दक्षिणेकडचा तुकडा म्हणजे ‘सिटी साउथ’, तिथे स. का. पाटील. वरचा जो मोठा भाग उरला तो ‘सिटी नॉर्थ’. म्हणजे ढोबळमानाने गिरणगाव. परळ, लालबाग, नायगाव, दादर, हा सगळा पट्टा. आज त्या नावाचा मतदारसंघ नाही, त्या आकाराचा पण नाही आणि ज्या पद्धतीने तिथे मतदान झालं ती पद्धत तर कायद्यातूनच गेली. त्यामुळे ‘कोणी पाडलं’ यावर सगळे हिरीरीने भांडतात पण ‘मतदान कसं झालं’ हे कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते खरी मजा, मजा म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, तिथेच आहे.

पण त्याआधी १९३७ ला जावं लागेल.

बाबासाहेबांची पहिली निवडणूक याच मातीतली. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली, मतदारसंघ भायखळा आणि परळ. हा त्यांचा घरचा भाग, परळच्या बीआयटी चाळीत त्यांची वीस-बावीस वर्षं गेलेली, नंतर दादरला हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते पण हाकेच्या अंतरावर. आदल्याच वर्षी काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष घेऊन ते उभे राहिले आणि समोर काँग्रेसने कोणाला आणलं? पळवणकर बाळूंना. तेच ते १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराच्या वर विकेट काढणारे डावखुरे फिरकी गोलंदाज, दलित समाजातून आलेले देशातले पहिले मोठे क्रिकेटर. कधीकाळी तरुण आंबेडकरांना त्यांचं केवढं कौतुक होतं! पुढे पुणे कराराच्या वेळी बाळू काँग्रेसच्या बाजूला राहिले, करारावर सहीसुद्धा केली. निकाल लागला तेव्हा आंबेडकर १३,२४५ आणि बाळू ११,२२५. दोन हजारांचा फरक. क्रिकेटवेड्या शहरात बाळूंसारख्या माणसाला हरवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं हे लक्षात घ्या, आणि तेव्हा मत सगळ्यांना नव्हतंच, भाडं, कर, शिक्षण असली अट पुरी करणाऱ्यालाच मत.

आता यातली महत्त्वाची गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. त्या काळी मुंबई इलाख्यात एका मतदारसंघातून एकापेक्षा जास्त आमदार निवडून जायचे, त्यातली एक जागा राखीव असायची, आणि मतदाराकडे जितक्या जागा तितकी मतं असायची. ती मतं तो वाटून देऊ शकत होता किंवा सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराच्या झोळीत टाकू शकत होता. अस्पृश्यांच्या बाजूने ही सवलत मुद्दाम भांडून घेतलेली होती. कारण सरळ आहे, संख्येने कमी असलेल्या समाजाने आपली सगळी मतं एका माणसावर एकवटली तरच तो माणूस बहुसंख्यांच्या मर्जीवर न राहता निवडून येणार. सवर्ण पुढाऱ्यांना हे नको होतं, त्यांचं म्हणणं मतं वाटलीच पाहिजेत.

१९३७ ला एकवटता येत होती. १९५२ ला येत नव्हती. इथे गाडं अडलं.

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा काढा आणि कलम ६३ वाचा. जितक्या जागा तितकी मतं, पण एका उमेदवाराला एकच मत. दुसरं पण त्यालाच दिलंत तर मोजताना एकच धरायचं, बाकीचं बाद. लोकसभेच्या त्या पहिल्या निवडणुकीत ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते, त्यातले ८६ दोन जागांचे आणि एक तर, उत्तर बंगालमध्ये, चक्क तीन जागांचा. सिटी नॉर्थ हा दोनवाला. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, मतदार सगळे तेच, प्रत्येकाला दोन मतं.

मतदान केंद्रातलं दृश्य डोळ्यासमोर आणा. आजच्यासारखी एका कागदावर सगळ्यांची नावं छापलेली नव्हती, शिक्का नव्हता, काही नव्हतं. पडद्याआड लोखंडी पेट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याच्या पक्षाचं चिन्ह चिकटवलेलं. देशभरातल्या या पेट्यांपैकी लाखो आपल्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या, हे जाता जाता. मतदाराच्या हातात कोऱ्या मतपत्रिका, त्यावर कोणाचंच नाव नाही, तुम्ही कोणत्या पेटीत टाकता त्यावर ते मत कोणाचं हे ठरणार. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं वडाचं झाड, बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचं कणीस-विळा. आता गिरणीतून पाळी संपवून आलेला माणूस, पहिल्यांदाच मत देतोय, हातात दोन मतपत्रिका, त्याने एक कॉम्रेडच्या पेटीत टाकली. दुसरी कुठे टाकायची? त्याच पेटीत टाकली तर ती फुकट जाणार हे त्याला कोणी सांगितलं असेल का? आणि सांगितलं असेल तर, ‘जाऊ दे फुकट, तिथेच टाक’ असं सांगितलं असेल का?

याच प्रश्नावर सगळं भांडण उभं आहे.

लढत अशी होती. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी सर्वसाधारण जागेवर आणि नारायण सदोबा काजरोळकर राखीव जागेवर. समोर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि फेडरेशनचे बाबासाहेब, दोघांची युती, म्हणजे एक मत झाडाला एक हत्तीला. आणि तिसरीकडे श्रीपाद अमृत डांगे, कम्युनिस्ट पक्ष, सर्वसाधारण जागेसाठी. गिरणगावात डांग्यांचा शब्द म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा सप्टेंबर १९५१ मध्ये दिलेला, हिंदू कोड बिलावरून, तब्येत खालावलेली, आणि तीन महिन्यांत निवडणूक.

जानेवारी १९५२ चा निकाल: काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६. फरक १४,५६१. आणि बाद झालेली मतं? ७४,३३३.

हा शेवटचा आकडा बघितला की कोणालाही वाटणार की झालं, सापडला चोर. बाबासाहेब आणि मेहता दोघांनी निवडणूक लवादाकडे अर्ज केला तोसुद्धा याच मुद्द्यावर, की डांगे आणि त्यांच्या मंडळींनी ‘दुसरं मत कुजवा’ असा प्रचार केला, पत्रकं वाटली आणि म्हणून इतकी मतं वाया गेली. निकाल त्याने काही बदलला नाही. पण गिरणगावातल्या जुन्या लोकांच्या तोंडी ‘मतं कुजवली’ हेच राहिलं, आणि डांगे-आंबेडकर म्हटलं की आज पण तो विषय निघतो आणि दोन्हीकडची माणसं तापतात.

माझं मत विचाराल तर कम्युनिस्टांनी जे केलं ते अक्षम्यच होतं, कामगारांचं राजकारण करणाऱ्या पक्षाने आंबेडकरांना मत जाऊ नये म्हणून मत वाया घालवायला सांगणं याला दुसरा शब्द नाही. पण ७४ हजार बाद मतं उचलून सरळ बाबासाहेबांच्या खात्यात टाकायची आणि ‘बघा, निवडून आले असते’ म्हणायचं, हे गणित मला पटत नाही. ती सगळी एकाच कारणाने आणि एकाच पक्षाच्या माणसांची वाया गेली असं थोडंच आहे, अडाणीपणाने पण गेली असणार, आणि हत्तीवाल्यांनी पण दोन्ही मतं हत्तीलाच टाकली असणार, १९३७ ला टाकली होती तशी! त्यांना कोण सांगणार की नियम बदललाय?

आणि अजून एक आकडा आहे ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. अशोक मेहतांना १ लाख ३९ हजारांच्या वर मतं होती. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा सोळा हजारांच्या आसपास जास्त. युती होती ना? एक झाडाला एक हत्तीला? मग ही सोळा हजार माणसं झाडाला मत देऊन दुसरं मत घेऊन गेली कुठे? तुम्ही म्हणाल यातली सगळीच काही जातीमुळे गेली नसतील. बरोबर आहे. पण पराभवाचा फरक साडेचौदा हजार आणि मित्रपक्षाची न आलेली मतं सोळा हजार, हे शेजारी शेजारी ठेवून बघा आणि मग डांग्यांना शिव्या घाला, मी अडवणार नाही.

अजून गंमत, मेहतांना काजरोळकरांपेक्षा पण थोडी जास्तच मतं होती. तरी मेहता पडले आणि काजरोळकर आले. कारण राखीव जागेचा हिशोब आधी व्हायचा, त्या समाजाच्या उमेदवारांत जो पहिला तो निवडून आला, मग उरलेल्या सगळ्यांत जो पहिला तो दुसऱ्या जागेवर, आणि तिथे व्ही. बी. गांधी होते. याच नियमाने पुढे १९५७ ला आंध्रात पार्वतीपुरमला व्ही. व्ही. गिरी पडले, तिथे राखीव गटातलेच दोघं उमेदवार सर्वात पुढे निघाले आणि दोन्ही जागा घेऊन गेले. गिरी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, कोर्ट म्हणालं बरोबर आहे, कायद्यात बसतं. मग १९६१ ला संसदेने दोन जागांचे मतदारसंघच रद्द करून टाकले. मला कधी कधी वाटतं राखीव समाजाच्या माणसाने सर्वसाधारण जागा जिंकून दाखवली नसती तर ही पद्धत इतक्या झटपट गेली असती का. असो.

काजरोळकरांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण त्यांचा फक्त ‘तो’ म्हणून उल्लेख होतो. अत्र्यांनी त्यांच्या लोण्याच्या धंद्यावरून केलेली शेरेबाजी लोक अजून मिटक्या मारत सांगतात. मला ती कधीच आवडली नाही. लोणी विकणाऱ्याने खासदार होऊ नये असं घटनेत कुठे लिहिलंय? आणि ज्यांच्या बाजूने ही शेरेबाजी होती त्यांनीच तर ती घटना लिहिली, ज्यात लोणीवाला, गिरणीवाला आणि बॅरिस्टर तिघांचं मत एकच. काजरोळकर १९६२ ला पुन्हा निवडून आले, म्हणजे माणूस अगदीच फुकाचा नव्हता.

बाबासाहेब त्याच वर्षी राज्यसभेवर गेले. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली, तो पण दोन जागांचाच मतदारसंघ, आणि जोडीला पुन्हा अशोक मेहता. निकाल काय लागावा? मेहता आले, बाबासाहेब पडले. मुंबईतली सोळा हजारवाली शंका भंडाऱ्यात अजूनच पक्की होते, पण मराठी माणसाला डांग्यांवर बोलायला जास्त आवडतं.

आता पुढचा भाग ऐका. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राची लाट. मतदारसंघांची नव्याने आखणी झाली, गिरणगाव ‘नॉर्थ’मधून निघून ‘बॉम्बे सिटी सेंट्रल’मध्ये आला, दोन जागांचाच. बाबासाहेब नुकतेच गेलेले, डिसेंबर १९५६. आणि समितीकडून उभे कोण? सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे आणि राखीव जागेवर शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे जी. के. माने. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्यांनी मतं कुजवली म्हणून कोर्टबाजी झाली त्यांच्याच जोडीला हत्ती! एक मत डांग्यांना एक मत मान्यांना, आणि दोघंही निवडून आले. नरे पार्क आणि कामगार मैदानावर त्या वेळी ज्या सभा झाल्या असतील तिथे लाल बावटा आणि निळा झेंडा एकाच मांडवात बघताना म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना काय वाटलं असेल, हे कोणीतरी वेळेत विचारून लिहून ठेवायला हवं होतं. फॉरवर्डवाले हा अर्धा भाग कधीच सांगत नाहीत कारण मग गोष्ट सरळ राहत नाही.

आणि ‘बॉम्बे सिटी नॉर्थ’ हे नाव? ते मेलं नाही, ते गाडी पकडून उपनगरात गेलं. १९५७ ला त्या नावाच्या मतदारसंघात आता बेटाच्या बाहेरची वस्ती, आणि तिथे काँग्रेसने आणलं व्ही. के. कृष्ण मेनन यांना. हे साहेब त्याच जानेवारीत संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलून आलेले, भोवळ येईपर्यंत, त्यामुळे देशभर हिरो. निवडून आले. १९६२ ला तर इथली लढत देशातली सर्वात गाजलेली, मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी. कृपलानींच्या मागे जनसंघ, स्वतंत्र पक्ष, प्रजा समाजवादी सगळे, आणि ‘चिनी आत घुसतायत आणि मेननसाहेब झोपलेत’ अशा अर्थाच्या हिंदी घोषणा. मेननच्या मागे नेहरू, कम्युनिस्ट, अत्रे आणि नेहरूंच्या शब्दाखातर प्रचाराला उतरलेले दिलीपकुमार. दोन महिन्यांपूर्वीच गोवा घेतलेला. मेननना कृपलानींच्या जवळपास दुप्पट मतं पडली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, नोव्हेंबर संपायच्या आत मेननचं संरक्षणमंत्रिपद गेलेलं. घोषणावाले निवडणूक हरले पण मुद्दा जिंकले असं म्हणायचं.

१९६७ ला ‘सिटी’ शब्दच गेला. नवे पाच मतदारसंघ झाले, मेननना काँग्रेसने तिकीट नाकारलं, ते उत्तर-पूर्व मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि माजी आयसीएस अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. नुकत्याच जन्मलेल्या शिवसेनेने बर्व्यांच्या बाजूने जोर लावला होता, मद्राशी नको म्हणून. केरळच्या माणसाला मद्राशी म्हणायची तेव्हा पद्धतच होती. बर्वे निकालानंतर लगेचच वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या बहीण तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले. मग ते पुढे बंगालमधून आणि नंतर केरळातून निवडून गेले, मुंबईचा नाद सोडला.

गिरणगावाचं काय झालं तर ते नंतर दक्षिण-मध्य मुंबईत गेलं. तिथल्या परळ विधानसभेत १९७० ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले, शिवसेनेचा पहिला आमदार. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, इतका वेगळा की अर्धवट सांगण्यात अर्थ नाही. लोकसभेत १९८४ ला संपानंतरचे दत्ता सामंत, १९८९ ला पुन्हा वामनराव, मग पाच वेळा मोहन रावले.

२००८ च्या फेररचनेत परळ नावाचा विधानसभा मतदारसंघ पण संपला. परळ शिवडीत गेलं आणि शिवडी गेली दक्षिण मुंबईत. त्यामुळे आज परळचा माणूस मलबार हिल आणि कुलाब्याच्या माणसाबरोबर एकच खासदार निवडतो, स. का. पाटलांची होती ती बाजू. दादर मात्र माहीमच्या बरोबर दक्षिण-मध्यला राहिलं. त्यामुळे ज्यांना तो नकाशा फॉरवर्ड करायचाच आहे त्यांनी निदान बोरिवली पुसून शिवडी, वडाळा, माहीम असं काहीतरी रंगवा, तेही पूर्ण बरोबर येणार नाहीच, पण निदान माणसं तरी त्याच चाळीतली असतील.